मलय राजाचं पानदान आणि माझं सातवं बोट

चाळीस वर्षं जालन्यात कापड विकलं, दुकान पोराच्या हवाली केलं आणि मला हरवलेल्या वस्तूंचं खूळ लागलं. इंटरनेटवर नूरताईंची ओळख झाली. त्या मलेशियातल्या एका संग्रहालयात काम करतात. लढाईत गडप झालेलं एका मलय राजाचं पानदान जुन्या दरबारी वर्णनावरून पुन्हा घडवायचं, ही त्यांची खटपट. नमुना करून देतो, असं मी फुशारकीनं सांगून बसलो.

वर्णन सोपं होतं: एक हात लांब तबक, त्यात सहा-सहा बोटांच्या चार डब्या ओळीनं, हलणार नाहीत अशा. माझ्या पुठ्ठ्याच्या डब्या मात्र तबकात मावेनात. मंग काय, वर्णन लिहिणारा राजाचा कारकूनच चुकला, असं मी नूरताईंना दोन पानी खरमरीत कळवलं. त्या ते प्रदर्शनाच्या पाटीवर छापणार होत्या.

तांब्यात घडवायला शहागड गाठलं. जालन्याहून अंबडची एसटी धरा, तिथून दुसरी. अंकुशनगरच्या उसाच्या ट्रॅक्टरामागं अडकलात तर दोन तास धरून चाला. खर्च किरकोळ. हायवेच्या ढाब्यावर पिठलं-भाकरी झकास मिळते. ठेचा जपून खा, मी जपलो न्हाई.

गफूरचाचा तांबट, गालात पान. वर्णन ऐकून त्यांनी पुठ्ठा बाजूला सारला.

"सहा चोक चोवीस. हात बी चोवीस बोटांचाच. कारकून बराबर हाय, शेठ. तुम्ही कसं मोजलं ते दावा."

मी सहा बोटं ठेवली, पुढं अंगठा टेकवला आणि खूण केली.

"हे सातवं कुठून आलं?"

गिऱ्हाइकाला मापावर बोटभर जास्त द्यायचं, ही वडिलांची शिकवण. तबकाला एक बोट, चारही डब्यांना एकेक; तबक झालं पंचवीस, डब्या अठ्ठावीस. हात आपोआपच चालला होता.

"राजाला कापड विकून राह्यलात व्हय?"

हसलो, पण लाज वाटली. कधीच मरून गेलेल्या माणसावर मी खोटा आळ घेतला होता आणि त्याची बाजू मांडायला कुणी नव्हतं.

चाचांनी घडवलेल्या डब्या तबकात बसल्या, हलल्या नाहीत. घरी येऊन चप्पल न काढताच नूरताईंना लिहायला बसलो: पाटी थांबवा, कारकून बरोबर, कापडवाला चूक. माफी तीन ओळींत उरकायची असं ठरवलं होतं. मोजल्या तर चार भरल्या. चौथी राहू दिली.