जांभईबाई आणि मनोऱ्यावरचा किल्लीवाला

इतिहास शिकवणाऱ्या बाईंना अख्खी शाळा पाठीमागे जांभईबाई म्हणायची, आणि बाईंना त्याचा काडीचाही राग नव्हता. नाव त्यांनी स्वतःच कमावलेलं होतं. मुलांसाठी खऱ्याखुऱ्या इतिहासाची पुस्तकं लिहायची, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा नाद. प्रत्येक प्रकरण छापायला देण्याआधी त्या शनिवारच्या शेवटच्या तासाला वर्गात वाचून दाखवत. वर्ग दमलेला, घराकडे डोळे लावून बसलेला. बाईंना हवा अगदी तसा. कुणी जांभई दिली की समासात पेन्सिलीने एक टिंब. तीन टिंबं पडली की परिच्छेद कितीही लाडका असो, त्याला नारळ.

दुसरी सवय म्हणजे पुरावा. पोट दुखतंय म्हणून कुणी सुट्टी मागितली तरी बाई चष्म्यावरून बघत विचारणार, पुरावा काय? घरी यजमानांची तीच गत. ते निवृत्त कंपाउंडर, जेवणाच्या टेबलावर बसून बाईंची प्रुफं तपासायचे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात हयात गेली, पण हिच्या अक्षरापुढे हात टेकले, असं ते येईल त्याला सांगत.

सात पुस्तकांपैकी सर्वांत गाजलं ते गावातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावरचं. त्यातला मुलांचा लाडका माणूस म्हणजे किल्लीवाला. चौतीस वर्षं हा रोज सकाळी मनोरा चढला, घड्याळाला किल्ली दिली आणि तिथल्या वहीत सही करून उतरला. महापुराच्या दोन दिवसांतही वहीत त्याची सही होती आणि घड्याळ चालू होतं. पण चहूकडे पाणी असताना हा तिथे पोचला कसा, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. वर्गात त्या पानावर सहा टिंबं पडली. बाई हिरमुसून घरी आल्या आणि त्यांनी एक वाक्य घातलं: ‘दोन्ही दिवस तो पोहत मनोऱ्यापर्यंत गेला.’ नाहीतर कसा जाणार, अशी स्वतःची समजूतही घातली. पुढच्या शनिवारी एक टिंब पडेल तर शपथ. चित्रकाराने तर मुखपृष्ठावरच त्याला दातात किल्ली धरून पोहायला लावलं.

अकरा वर्षं हे सुखाने खपलं. पाचवी आवृत्ती छापायला जायच्या आठवड्यात एक म्हातारी शिक्षकांच्या खोलीत पुस्तक छातीशी धरून आली. ही किल्लीवाल्याची नात. आभार मानायला आली होती.

"आमचे आजोबा पाण्याला फार भ्यायचे हो," ती म्हणाली. "नदीकडे तोंड करून बसायचेसुद्धा नाहीत. पण तुम्ही लिहिलंय म्हणजे पुरावा असणारच. माझंच काहीतरी चुकत असेल. आता नातवंडांना मीही पोहण्याचंच सांगते."

बाईंना गप्प बसणं सोपं होतं. म्हातारी खूश होती, प्रकाशक खूश होता, आणि उभ्या आयुष्याची कमाई म्हणजे तो एक शब्द, पुरावा, तोही शाबूत राहिला असता. पण हिने डोळ्यांनी पाहिलेला आजोबा आपण एका वाक्यात तिच्याकडून काढून घेतला, या विचाराने त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"पुरावा नाही, आजी. ते वाक्य मी मनाने घातलं."

म्हातारी रागावली नाही. पुस्तक टेबलावर ठेवून ती खुर्चीत बसली. मग तिने आईकडून ऐकलेलं सांगितलं. त्या सकाळी आजोबा नेहमीसारखे वर गेले आणि मागून पाणी चढलं. सोडवायला होडी आली तरी ते पाण्याकडे बघून खाली उतरेनात. दोन दिवस वरच बसले. घरच्यांना त्याची शरम वाटायची, म्हणून ही गोष्ट उंबऱ्याबाहेर गेली नाही.

बाईंनी घरी जाऊन त्या वहीच्या जुन्या प्रती काढल्या. त्या दोन दिवसांत सह्या एकेक नव्हत्या. दोन्ही दिवसांच्या मिळून अकरा होत्या. एकेकाळी बाईंनी त्या कारकुनी घोळ समजून सोडून दिल्या होत्या. दिवसाला एकदा किल्ली पुरते. हा माणूस दर काही तासांनी उठून पुन्हा किल्ली देत होता.

प्रकाशकाने कपाळाला हात लावला. पोहणारा खपतो, भेदरलेला कोण घेणार, असं त्याचं म्हणणं. मग पुस्तकच मागे घेते, असं बाई म्हणाल्या तेव्हा तो नरमला, पण मुखपृष्ठावरून पुढे महिनाभर कुरकुरत राहिला.

शनिवारी शेवटच्या तासाला म्हातारी मागच्या बाकावर बसली होती. बाईंनी आधी वर्गाला सगळं सांगून टाकलं. पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

"बाई, बाकीच्या सहा पुस्तकांत असं नाही, याला पुरावा काय?"

"आज तरी काही नाही," बाई म्हणाल्या. "सगळी पुन्हा तपासते. तोवर विश्वास ठेवू नका."

मग त्यांनी नवं पान वाचलं. ‘तो फार घाबरला होता. त्या दोन दिवसांत त्याने घड्याळाला अकरा वेळा किल्ली दिली.’ सवयीने पेन्सिल हातात होती, पण त्यांनी वर्गाकडे पाहिलंच नाही. मागच्या बाकाकडे पाहिलं. म्हातारीने पदराने डोळे पुसले आणि शेजारच्या मुलीकडे वळून हळूच म्हणाली, "हे आमचे आजोबा."