अनवाणी मोजलेल्या नद्या

लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर नवरानवरीच्या आधी फरशीकडे पाहणारा माणूस साऱ्या रायगड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या थोरल्या ताईच्या वाट्याला आला. हे माझे मेहुणे, आमचे भाऊजी. रोह्याच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून शेजाऱ्यांचा जीव खातात. भाऊजी संगणकावर नकाशांचं सॉफ्टवेअर शिकले आणि नद्यांची मिती मोजायला बसले. कुंडलिका, अंबा आणि आमच्या पेणची भोगावती, तिघींचीही.

मिती म्हणजे काय, हे त्यांनी मला पेणच्या माझ्या घरी, मी भाकरी थापत असताना समजावलं. सरळ रेषेची मिती एक, भाकरीची दोन, आणि नदी या दोघींच्या मध्ये कुठेतरी. जितके फाटे जास्त, तितकी ती भाकरीच्या जवळ. मोजायची कशी, तर नकाशावर चौकोनांचं जाळं टाकायचं आणि किती चौकोनांत पाणी सापडतं ते बघायचं. मग चौकोन निम्मे करून पुन्हा, मग आणखी बारीक करून पुन्हा. पाण्याचे चौकोन किती झपाट्यानं वाढतात, त्यावरून आकडा निघतो. एवढं होईपर्यंत तव्यावरची भाकरी करपली होती, आणि भाऊजी तिच्यावरच्या काळ्या डागांची मिती काढायला तयार होते. स्वतः रोहेकर असल्यामुळे कुंडलिकेचा आकडा भोगावतीच्या वर राहावा अशी त्यांची फार इच्छा. तसा तो राहिला की मला मुद्दाम फोन यायचा, जणू मी भोगावतीची माहेरवाशीण आहे.

जमिनीच्या चढउतारावरून पाणी कुठून वाहत असेल, त्याच्या रेषा सॉफ्टवेअर काढून देतं. पण प्रत्येक रेष आपल्या पायाखालून गेली पाहिजे, हा भाऊजींचा हट्ट. एकदा गणपतीत ते रोह्याहून माझ्याकडे यायला निघाले, मांडीवर ताईनं दिलेला मोदकांचा डबा. कासूला गाडी थांबली, फोनवरच्या नकाशात स्टेशनामागे एक रेष दिसली, आणि गृहस्थ उतरले. पेणला पोचले ते संध्याकाळी, गुडघाभर चिखलात. डबा शाबूत होता, मोदकांचा मात्र एकच मोठा मोदक झाला होता.

ओहोळ बुजवून वर बांधलेली जागा ओळखायची त्यांची रीतही खास होती. चपला काढायच्या आणि खालची ओल लागते का बघायला उघडी टाच फरशीवर दाबून उभं राहायचं. हमरापूरला गणपतीची मूर्ती ठरवायला गेलो, तर कारखान्याच्या मालकाला वाटलं, किती भाविक माणूस. पेणला माझ्या नणंदेच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी असंच टाच टेकून हॉलच्या मालकाला गाठलं आणि तुमचा हॉल ओहोळावर उभा आहे, असं सांगितलं. मालक हसला. "एका वहाळानं काय फरक पडतोय वो सर? नदी हाय ना तिथंच." भाऊजी तापले. जो तो हेच म्हणतो, म्हणाले, आणि असे फाटे छाटत गेलात तर एक दिवस नदीची काठी होईल. आम्ही लाजेनं अर्धे झालो होतो. आज वाटतं, काय जोर होता त्या माणसात.

मग चौकोन इतके बारीक झाले की नकाशात एकेक घर वेगळं दिसू लागलं. भाऊजींचं घर वरसेला, रोह्याला लागूनच. दोघांनी पै पै साठवून बांधलेलं. तिथली बाजू मोजताना एक रेष डोंगराकडून उतरली आणि सरळ ताईच्या स्वयंपाकघरातून पार झाली. सॉफ्टवेअर चुकलं, असं भाऊजी म्हणाले. मग त्यांनी वर्गात वापरलेला जुना नकाशा काढला. त्यातही ती निळी रेष होती. दर पावसाळ्यात त्या स्वयंपाकघराची फरशी ओलावते, आणि भाऊजी दर पावसाळ्यात गवंड्याच्या नावानं खडे फोडत आले होते. तो बिचारा रोह्याच्या बाजारात त्यांना पाहून रस्ता बदलायचा. साऱ्या जिल्ह्याच्या फरशांवर टाच टेकणाऱ्या माणसाला घरची ओल कधी ओळखू आली नाही.

ताईनं फक्त एवढंच म्हटलं, "प्लॉट बघायला आलो तेव्हा मी बोलले होते, भर वैशाखात इथे अळू कसं पोसलंय. तुम्ही म्हणालात, बरं झालं, फतफतं होईल."

स्वयंपाकघर पाडून पाण्याची वाट मोकळी करू, असं भाऊजींनी दोनतीनदा काढलं. ताई रडली. एवढी एकच खोली तिनं मनासारखी बांधून घेतली होती. विषय तिथेच राहिला. त्यांनी घरातली ती रेष धरून कुंडलिका मोजली, मग वगळून मोजली, आणि मला फोन केला.

"आकडा तोच आला गो."

मी म्हटलं, मग चांगलंच झालं की, घरही वाचलं आणि कुंडलिकाही.

"चांगलं काय त्यात?" ते म्हणाले. "अशी एकेक रेष काढत गेलं, तरी दर वेळी असंच वाटणार, काही फरक पडला नाही. मग तो हॉलवाला काय खोटं बोलला?"

कुकरची शिट्टी झाली म्हणत मी फोन ठेवला, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर त्यांनी मोजणं सोडलं. भोगावती मागे पडल्याचा फोन येत नाही. गवंड्याला मात्र ते घरी जाऊन भेटून आले.

परवा पेणला त्याच हॉलमध्ये पुन्हा एक लग्न होतं. जेवायला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी पुन्हा भांडावं, आम्हाला चारचौघांत लाजवावं, असं मनापासून वाटत होतं. म्हणून मीच विचारलं, भाऊजी, हा हॉल ओहोळावरच ना हो?

"जेव गो आधी, भात गार होतोय," ते म्हणाले.

मी वाकून टेबलाखाली पाहिलं. त्यांच्या पायांत चपला तशाच होत्या.