आईचा चांगला पाय
आई दीड वर्षाची असताना पोलिओने तिचा डावा पाय गेला. गेला म्हणजे बारीक राहिला. मी जन्मापासून तो तसाच पाहिलेला, त्यामुळे मला तो आजार कधी वाटलाच नाही. पन्नाशीनंतर तिचा उजवा, चांगला पाय लटपटायला लागला, तेव्हा वाटलं, ही आळसावली आहे.

मी मोबाइलवर पावलं मोजणारं ॲप घेतलं. भंडाऱ्यात रोज संध्याकाळी तिला तलावापर्यंत चालवायचे. ती मध्येच कुणाच्या ओट्यावर टेकायची.

"पाय 'नाही, नाही' म्हणून राहिला व बेटा."

"पायाचं ऐकू नको. अजून हजार बाकी आहेत."

चारचौघांत तोंड न उघडणारी मी, घरात मास्तरीण झाले होते. दोन महिन्यांत आई सपाट फरशीवर दोनदा पडली.

नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं. पोलिओत मेलेल्या नसांचं काम उरलेल्या नसा इतकी वर्षं ओढत होत्या. चांगला वाटणारा पायही पोलिओतूनच सावरलेला. आता त्या थकल्या. दमायच्या आधी बसायचं. दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं, तर जास्त झालं समजायचं. मग त्यांनी विचारलं, "एवढं चालायला कोणी सांगितलं?"

मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत राहिले.

"मीच चालत होती," आई म्हणाली.

परतताना बसमध्ये मी काही बोलले नाही. घरी आल्यावरही नाही.

जुलैत दिघोरीला मामाकडे धानाची रोवणी होती. तिथे घरटी एक बाई एकमेकींच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरते, आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. मामी सगळ्यांचा स्वयंपाक बघायची, त्यामुळे मामाच्या घरची बाई म्हणून दरवर्षी आईच उतरायची. पाय असा असून ती ओळीत मागे पडत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही.

"चाला बाई, तुमच्याशिवाय ओळ सरकत नाही," मामी म्हणाली. आई साडी खोचायला लागली.

"मामी, आईले उतरू नका देऊ." माझा आवाज मलाच मोठा वाटला. "डॉक्टरनं मना केलं आहे. मीच चालवून चालवून तिचा पाय बिघडवला."

बांधीत वाकलेल्या बाया सरळ झाल्या. "माय व, बोलते ही! मले तं मुकी वाटे," एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या. आई हसली नाही.

"सगळ्याईसमोर काहून सांगितलं? घरी जीभ नव्हती काय?"

मामी गोंधळली. "मंग बाईच्या जागी कोण?"

"ही उतरन," आई माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले. माझी ओळ वाकडी जात होती. शेजारची बाई मुकाट्याने माझे पऱ्हे, मी लावलेली रोपं, उपटून नीट रोवत होती. आई कडेच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर बसून पऱ्ह्यांच्या पेंढ्या सोडत होती. मी रोवत रोवत तिच्याजवळ आले, तेव्हा तिने हळूच विचारलं, "आता बसली तं पाय राहील ना? आहे तसा?"

दवाखान्यात मीही हेच विचारलं होतं.

"तसं नाही म्हटलं त्यांनी," मी म्हणाले. "पाय जाईलच, पण बसली तं हळू जाईल, म्हणाले."

तिने हातातली पेंढी बाजूला ठेवली, आणि उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून धुऱ्यावर सरळ केला.