भिंतीपलीकडची झोप

मित्रांनो, आज दुपारी अकोल्यात घरी बसून संध्याकाळच्या सभेतल्या भाषणाची मोठ्यानं तयारी करत होतो. विषय कष्टकऱ्यांचे हक्क, त्यामुळे आवाज चांगलाच तापला होता.

शेजारच्या भाजीवाल्या वहिनी दारात आल्या.

"भाऊ, कष्टकऱ्यायसाठी बोलून राहिले, अन् आमाले काल बी, आज बी दुपारचं झोपू देत नाई! भाजीच्या हर्रासीले, लिलावाले जायाले आमी रातच्या दोनले उठतो. आज माल आणतानी पोट्ट्यायच्या बापाचा गाडी चालवता चालवता डोळा लागला. थोडक्यात वाचले."

रात्री दहानंतर मी आवाज करत नाही, याचा मला केवढा अभिमान होता! शेजाऱ्यांची रात्र दुपारी असते, हे सहा वर्षांच्या शेजारात कधी लक्षातच आलं नाही.

हात जोडून माफी मागितली. उरलेलं भाषण मनातच वाचलं.

तुमचा शेजारी केव्हा झोपतो, तुम्हाला ठाऊक आहे?