चौथं कार्ड

देवळाली प्रवराच्या आमच्या समाजमंदिरात रविवारी सकाळी वंदना झाली की सतरंज्या गुंडाळल्या जायच्या आणि माझा दादा भाजीच्या पिशवीतून तीन कॉम्प्युटर काढायचा. नवखं कुणी असलं तर ते हसायचं. साबणाच्या वडीएवढे हिरवे बोर्ड, वर दोनचार काळ्या चिपा, एका कडेला पिनांची रांग. लोकांनी टाकून दिलेले जुने टीव्ही त्यानं मागून आणून कपाटात ठेवले होते. त्यातला एक टीव्ही, एक कीबोर्ड आणि मोबाईलचा चार्जर जोडला की झाला कॉम्प्युटर. दादा शुगर फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन होता. कॉलेजचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं, तरी पिनांना वायरी जोडून दिवा कसा लावायचा, मोटर कशी फिरवायची हे तो वस्तीतल्या पंधरा-सोळा पोरापोरींना शिकवायचा. मी शेजारच्या गावातल्या हायस्कूलवर विज्ञान शिकवते. मला तो "मास्तरीणबाई" म्हणायचा आणि मदतीला उभं करायचा.

ह्या बोर्डांना स्वतःची आठवण नसते. जे काही असेल ते नखाएवढ्या मेमरी कार्डावर असतं आणि कार्ड बोर्डाच्या पोटात खुपसलेलं असतं. दादाचा वर्गाचा एकच कडक नियम होता आणि तो ह्या कार्डांचा होता. वर्ग संपला की कार्डं काढून पेढ्याच्या रिकाम्या डब्यात टाकायची. डबा मी घरी न्यायचा, लॅपटॉपवर ठेवलेली मूळ प्रत प्रत्येक कार्डावर पुन्हा उतरवायची आणि पुढच्या रविवारी सगळ्यांनी कोऱ्यापासून सुरुवात करायची. पहिल्या वर्षी एका मुलाच्या घरी लॅपटॉप होता. तो सगळं घरून तयार करून आणायचा आणि बाकीचे त्याच्या मागं उभं राहून बघायचे. दादाला ते सहन झालं नाही. तो म्हणाला, "आदी आलेल्याचं तयार आन् मागनं आलेला नुसता बघनार, हे हितं चालनार न्हाई." कष्टानं केलेलं पुसलं जातं म्हणून पोरं रडली, मीही भांडले. मला तो शुद्ध अडाणीपणा वाटायचा. पण तीन वर्षं मी न चुकता दर रविवारी संध्याकाळी कार्डं पुसत आले. भांडायचं आणि तरी तो सांगेल तेच करायचं, असं आमचं लहानपणापासूनचं होतं.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशन करावं लागेल, जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. ऑपरेशनला महिना होता. दुसरं कुणी असतं तर देवधर्म, नातेवाईक, रडारड केली असती. दादानं चौथा बोर्ड विकत आणला, त्याला एक स्वस्तातला माइक लावला आणि दुपारी खोलीचं दार लावून तो धडे रेकॉर्ड करायला बसला. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. बाहेर यायचा तेव्हा बनियन पिळून काढावं इतका घामाघूम असायचा. वहिनी त्या वेळात मिक्सर लावायच्या नाहीत, कुकर चढवायच्या नाहीत, आम्हालाही ओट्यावर बसून हळू बोलायला लावायच्या.

असे अकरा धडे झाले. आवाज तेव्हाच घोगरा झालेला होता, पण होता त्याचाच. मी म्हटलं होतं, जरा पुस्तकी मराठीत बोल, धडे आहेत ना. तर म्हणाला, "पुस्तकं हायेत की पुस्तकी बोलायला. मी कशाला?" आणि तो तसाच बोलला. "हे बघा, ह्यो एवढासा बोर्ड हाय, पर ह्याला भ्यायचं न्हाई. लई झालं तर जळंल. दिवा लागला न्हाई तर आदी वायर बघा आन् मग सोताला शिव्या द्या." पोरं दर वेळी ह्या वाक्याला हसायची.

ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. दोन महिन्यांनी, गळ्याला पांढरं फडकं बांधून, दादा पुन्हा समाजमंदिरात उभा राहिला. चौथा बोर्ड मोठ्या टीव्हीला जोडलेला असायचा. त्यातून त्याचा आवाज बोलायचा आणि तो शेजारी उभा राहून छडीनं वायर दाखवायचा. आवाज पुढं गेला तर हात वर करून मला थांबवायला सांगायचा, पोरांना कळलं का हे डोळ्यांनी विचारायचा आणि मान हलवून आवाजाला पुढं बोलू द्यायचा. मला पहिल्या दिवशी ते बघवेना. पोरांना मात्र दोन रविवारांत सवय झाली. एकीनं तर मला विचारलंही, "मॅडम, सर घरी पन टीव्हीतूनच बोलत्यात का?"

त्या धड्यांचं कार्ड डब्यात कधीच जायचं नाही. वर्ग संपला की दादा ते स्वतः काढायचा, कागदात गुंडाळायचा आणि शर्टाच्या खिशात ठेवायचा. त्यानं मला दोनदा पाटीवर लिहून विचारलं होतं, "कॉपी?" धड्यांची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर घेऊन ठेव, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "करते रे, पेपर तपासायचे आहेत, पुढच्या रविवारी करते." हे मी दोन्ही वेळा म्हटलं. वीस मिनिटांचं काम होतं.

त्या रविवारी सातव्या धड्याच्या मध्येच लाइट गेली. उन्हाळ्याची काहिली, पत्र्याचं छत, आणि दादाला चक्कर आली. दोघा जणांनी त्याला मोटरसायकलवर मधे बसवून घरी नेलं. मी घाबरले आणि घाबरले की मी चिडते. पोरांवर ओरडले, "आवरा पटापट, नियम माहीत आहे ना?" पोरांना नियम चांगला माहीत होता. तीन वर्षं घोटून घोटून शिकवलेला. त्यांनी कार्डं काढली आणि डब्यात टाकली. सगळ्या बोर्डांची काढली. चौथ्याचंही. कुणी काढलं ते मला माहीत आहे आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, त्या मुलीलासुद्धा नाही. ती सगळ्यांत शिस्तीची होती.

दादाला सलाइन लावून, वहिनींना धीर देऊन मी संध्याकाळी घरी आले. परातीत कणीक काढली आणि शेजारी लॅपटॉप लावला. एक कार्ड घालायचं, लॅपटॉप विचारतो की ह्यावरचं सगळं जाईल, चालेल का, आपण हो म्हणायचं, तोवर पोळ्या लाटायच्या, ते झालं की पुढचं. कार्डं सगळी एकसारखी काळी, खुणा कशावरच नाहीत. दादाचं कायम खिशात असायचं, त्याला खूण कशाला? एरवी मी डबा उघडायचे तेव्हा तीन असायची. त्या दिवशी मी मोजली नाहीत. डब्यात कार्ड दिसलं की घातलं. चार वेळा लॅपटॉपनं विचारलं आणि चार वेळा पिठाच्या बोटानं मी हो म्हटलं. शेवटचं कार्ड डब्यात परत ठेवताना आतली चार कार्डं मला दिसली. तव्यावर पोळी होती. ती जळून तिचा धूर घरभर झाला, मुलगा ओरडत आला तरी मी तिथंच बसून होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी नगरला गेले. एका दुकानात असली कामं करून देतात असं कळलं होतं. त्या माणसानं चारही कार्डं तासभर तपासली. म्हणाला, "ताई, नुसतं पुसलेलं असतं तर काढून दिलं असतं. तुमी तर वरनं पूर्ण कार्डभर लिव्हलंय. आता न्हाई निघत." त्यानं कामाचं काही घेतलं नाही. बहुधा माझा चेहरा बघून.

एसटीनं परत येताना मी कारणं जुळवत होते. लाइटनं कार्ड गेलं, असं सांगू का? पटण्यासारखं होतं. बोर्ड चालू असताना अचानक लाइट गेली की कार्डं खरंच खराब होतात, हे दादानंच शिकवलेलं. पण त्याच्या खाटेजवळ बसल्यावर मला खोटं बोलता येईना. मी सगळं सांगितलं. कणीक, डबा, चार वेळा हो. वहिनी तेव्हा वसतिगृहावर स्वयंपाकाला गेल्या होत्या. दादानं ऐकताना हात शर्टाच्या खिशावर ठेवला होता. खिसा रिकामा आहे हे त्याला आदल्या दिवशीच कळलेलं असणार. तो भिंतीकडं बघत राहिला. त्यानं मला शिव्या द्यायला हव्या होत्या, आणि देता येत नव्हत्या म्हणून निदान पाटी तरी फेकायला हवी होती. मी तेच मागत होते मनातून. त्यानं बोटं तोंडाशी नेऊन मला विचारलं, जेवलीस का?

वहिनी आल्या तेव्हा त्यानं पाटीवर लिहिलं, "लाइट गेली, कार्ड खराब झालं." ते माझ्यासमोर लिहिलं आणि माझ्याकडं बघितलंही नाही. वस्तीत सगळ्यांनी तेच ऐकलं आणि मी तेच ऐकू दिलं.

नंतर त्यानं धडे वहीत लिहायला घेतले. चार धडे झाले, पाचव्याचं एक पान झालं. फॅक्टरीचा गळीत हंगाम संपायच्या आत तो गेला.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्या दिवशी दुपारी पाहुणे पांगल्यावर वहिनी आणि मी मागच्या पडवीत बसलो होतो. उरलेले तांदूळ सुपात घेऊन वहिनी निवडत होत्या. वहिनींच्या मोबाईलमध्ये दादाचा एकच आवाज राहिला होता. "हां, निघालोय, दूध घिऊन येतो." तेवढंच. तो आवाज वहिनी दिवसातून चारदा तरी लावत आणि मग मोबाईल पालथा ठेवत. आताही लावला, ठेवला. मग म्हणाल्या, "ताई, त्या धड्यांत काय काय बोलायचे ते? मला कधी ऐकायलाच घावलं न्हाई. आईतवारी पोरं दिवसभर वसतिगृहावर, दुप्पट सैपाक. म्हनलं, सुट्टीत निवांत ऐकू."

मला जेवढं आठवत होतं तेवढं मी सांगायला लागले. पहिल्या धड्यात बोर्डाची ओळख. दुसऱ्यात टीव्ही जोडणं. तिसऱ्यात कॉम्प्युटरला कुणाचं तरी नाव टाइप करून द्यायचं आणि त्यानं त्या नावाला नमस्कार करायचा, पडद्यावर. हे सांगता सांगता मी थांबले, कारण तिसऱ्या धड्यात त्यानं वापरलेलं नाव वहिनींचं होतं.

"माझं?" त्या म्हणाल्या.

"हो. तुमचं. तीनचार वेळा घेतलंय."

वहिनी हसल्यासारखं करून पदर तोंडाला लावत राहिल्या. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. दादानं त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. अगं, ऐकलं का, नाहीतर पोरांची आई. आमच्याकडं त्या वयाचे पुरुष असेच. "मला तर कधी म्हनले न्हाईत," त्या म्हणाल्या. "आन् पोरांपुढं म्हनले?" मग सुपाकडं बघत म्हणाल्या, "लाइटीनं घात केला बघा."

मी म्हटलं, "लाइटनं नाही वहिनी. मी केला." आणि त्यांना सांगितलं. दादाला सांगितलं होतं तसंच सगळं, आणि त्यानं मला पाठीशी घातलं तेही.

वहिनी खडे वेचून बाजूला टाकत राहिल्या. मूठभर तांदूळ निवडून होईस्तोवर वेचत राहिल्या. मला वाटलं, आता ह्या उठून आत जातील आणि माझ्याशी पुन्हा बोलणार नाहीत, आणि ते बरोबरच होईल. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"कसं म्हनले ते?" त्यांनी विचारलं. "माझं नाव. म्हनून दावा."

मी म्हटलं. माझ्या तोंडून ते शाळेतल्या हजेरीसारखं आलं. मी आवाज घोगरा करून, थांबून, पुन्हा म्हटलं. वहिनी माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या.

"असं न्हाई म्हनले असतील," त्या म्हणाल्या. "पुन्ना म्हना."