हवा कापणारी मशीन

डोळे गेले की कान तिखट होतात म्हणतात. साफ खोटं आहे. कान होते तेवढेच राहतात, फक्त त्यांना दुसरं काम उरत नाही.

नोकरीतून मोकळा झालो तेव्हा हौस म्हणून मी छोटी सीएनसी मशीन घेतली होती. बुलढाण्याच्या घरात, मागच्या खोलीतल्या टेबलावर मावेल एवढी. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, खाली पातळ प्लाय चिकटवायचा, की मशीनचं फिरतं पातं त्या रेषेवरून जाऊन तुकडे कापून द्यायचं. मी लग्नाच्या रुखवतातल्या बैलगाड्या करायचो. चाकं, जू, बैल. एकच नमुना, पुन्हा पुन्हा. डोणगावपासून मोताळ्यापर्यंत कुणाच्या पोरीचं लग्न निघालं की फोन यायचा. मी कापायचो, बायको कडा घासून जोडायची, रंगवायची.

मग शुगरनं डोळे खाल्ले. बायको मशीन शिकली. ती कापायची अन् मी पॉलिश पेपर घेऊन, चाचपून कडा घासायचो. वर खुर्चीतून उंटावरून शेळ्या हाकणं चालूच. "प्लाय नीट दाबला का? आवाज जाड येऊन राह्यला, थांबव!" ती चिडायची, "या न मंग तुमीच." भांडत होतो म्हणजे बरं चाललं होतं.

पुढं बाजारात तयार, लेझरनं कापलेली रुखवतं आली. फोन कमी झाले, मग आलेच नाहीत. मी भिंतीकडे तोंड करून पडायला लागलो. दाढी नाही, आंघोळ नाही. चहा आला की "ठेव तिथं" म्हणायचं अन् तो थंड होऊ द्यायचा. खरं सांगतो, जगायचाच कंटाळा आला होता.

एका सकाळी मागच्या खोलीत मशीन सुरू झाली.

"देऊळघाटची ऑर्डर आली," बायको म्हणाली. "उठा. कडा कोण घासीन?"

उठलो बापा. आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, खुर्चीवर जाऊन बसलो. आणि ऐकलं.

पातं प्लायमध्ये शिरलं की आवाज दबतो, कोपऱ्यावर कण्हतो. हा आवाज सरळ गुळगुळीत होता. लाकडाचा जळका वासही नाही. पातं वरच्या वर फिरत होतं, मशीन नुसती हवा कापत होती. तिनं हातात दिलेले बैल मीच मागं कधी घासलेले होते. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात; इथं तर जात्यात दाणाच नव्हता.

असा संताप आला! मले काय कुकुलं बाळ समजते का ही? पण बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मशीन लागली, नंतर रोजच लागायला लागली. मी रोज आंघोळ करून तेच बैल घासत बसायचो. शिंगं झिजून कानाएवढी झाली.

एक दिवस तोंडातून निघालंच. "काऊन हवा कापून राह्यली वं?"

मशीन बंद झाली.

"तुमी उठता म्हणून," ती म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून पडता तवा मले भेव लागते. घरात मी एकटीच हाओ असं वाटते."

मला लाज वाटली, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी मशीन लागली नाही. मी पडून वाट पाहत होतो. चहा आला, कप टेकवल्याचा आवाज झाला, पण "उठा" कुणी म्हणालं नाही. मग पलीकडची खाट करकरली. सकाळच्या पारी बायको कधी आडवी होत नाही. बाळंतपणं सोडली तर मी तिला दिवसा झोपलेलं पाहिलेलं नाही. मी कान देऊन ऐकत राहिलो. खाट पुन्हा वाजली नाही.

उठलो, भिंत धरत धरत मागच्या खोलीत गेलो. टेबलाचा कोपरा मांडीत घुसला. कॉम्प्युटर चालवणं आता माझ्याच्यानं होत नाही, पण पातं फिरवायचं बटण हाताला पाठ होतं. दाबलं. पातं जागच्या जागी, हवेत गरगरायला लागलं.

"अवं," मी ओरडलो, "देऊळघाटची ऑर्डर आली. ऊठ."