काकू, मला हाकला

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला आमच्या शेजारी नगरहून आलेला एक शिकाऊ मिशनरी राहायचा. बोलिव्हियाला जाण्यासाठी तो स्पॅनिश शिकत होता. दर शनिवारी सरावासाठी आमच्या दारात उभा राहून नगरी हेलात स्पॅनिश उपदेश करायचा. नकार मिळाला की हसून निघून जायचं, हाही त्याच्या मिशनरी परीक्षेचा भाग होता.

"काकू, आज तरी मला हाकला."

मी "नको, जा" म्हणायचे आणि पाठोपाठ "पिठलं केलंय रे" हेही म्हणून जायचे.

परीक्षेत मास्तरांनी घरमालक बनून दार लावलं, तर हा सवयीने जेवणाच्या हाकेची वाट बघत पायरीवरच बसला आणि नापास झाला. पुन्हा नापास झाला असता तर थेट नगरला परत.

पुढच्या शनिवारी मी मन घट्ट करून दार खरंच लावलं. काचेतून पाहिलं, तर तो अगदी नियमाप्रमाणे हसत चालला होता. त्या दिवशी आम्हा नवरा-बायकोला पिठलं संपेना.